माणसं यायची हायत

कोगनोळीला मी गेलो ते एका जुन्या ढोलासाठी.

फाल्गुन संपत आला होता. सकाळच्या बसनं बेळगाव सोडलं, निपाणीत गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला कोगनोळीच्या फाट्यावर उतरलो. काम साधं होतं. बायाक्का नावाच्या एका म्हातारीच्या घरी तिच्या नवऱ्याचा ढोल पडून होता. नातवाचं, दिग्विजयचं, वैशाखात लग्न होतं आणि वरातीत आजोबांचाच ढोल वाजावा अशी तिची इच्छा होती.

हे काम मी हौसेनं करतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तेहतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर हात रिकामे बसेनात, म्हणून बँडवाल्यांची जुनी वाद्यं दुरुस्त करायला लागलो. वडगावात आमचं घर. मागच्या खोलीत पूर्वी दोन यंत्रमाग होते. ते विकल्यावर तिथंच माझी हत्यारं मांडली. आता भिंतीला ढोल, ताशे, फुटके नगारे टेकलेले असतात आणि खोलीला कातड्याचा, चिंचेचा, तापलेल्या कथलाचा वास असतो. माझ्या बायकोला, जयाला, तो वास आवडतो. ती म्हणते, मागाच्या तेलापेक्षा बरा.

बायाक्कांचा ढोल पितळेचा होता, गळ्यात पट्ट्यानं अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचा. साठेक वर्षांचा तरी असेल. वरचं कातडं फाटलेलं, एका बाजूला खोल पोचा, दोऱ्या कुजलेल्या. पण पत्रा जाड होता, आणि जिथं वाजवणाऱ्याची मांडी घासायची तिथं पितळ आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. त्या जागेवरून म्हातारीनं एकदा तळवा फिरवला आणि ढोल माझ्याकडं दिला. नवऱ्याचं नाव सुबराव. चाळीस वर्षं निपाणीच्या बँडमध्ये होते. "कडेला बसवून न्या," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, पोचा वाढू नये म्हणून म्हणते. बसमध्ये खिडकीची जागा मी ढोलाला दिली.

जयाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चौदाव्या वर्षापासून ती यंत्रमागावर उभी राहिली. चाळीस वर्षं तो खडखडाट. आमच्या वडगाव-शहापूरकडच्या माग चालवणाऱ्या बायका एकमेकींशी ओठांनी बोलतात, कारण त्या आवाजात ऐकू काहीच येत नाही. जयाचे कान असे हळूहळू गेले की कधी गेले ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. ओठ वाचून ती सगळं समजून घ्यायची. नऊ वर्षांपूर्वी आमची लेक आरोही पाठीमागून हाका मारत राहिली आणि हिनं वळून पाहिलं नाही, तेव्हा डॉक्टरकडं गेलो. नस मेली आहे, म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं, त्यात तिला नुसती घरघर यायची. ते कपाटात गेलं.

आमचं काही अडलं नाही. मी तिच्यासमोर येऊन बोलतो, एवढंच. पण तिला गाण्याचं वेड होतं. रेडिओ अजून फडताळावर आहे, ती तो रोज पुसते.

ढोल आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो पूर्ण उघडला. दोन्ही बाजूंची कातडी काढली, कडी काढली. नुसतं पितळेचं पिंप उरलं, आरपार दिसणारं. ते लाकडी ठोकळ्यावर बसवून पोचा काढायला घेणार होतो. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

जया स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी हातोडी खाली ठेवली.

"थांबलासा का?" ती म्हणाली. "वाजवा की."

मी काही वाजवलंच नव्हतं. तसं तिला ओठांनी सांगितलं. तिनं मान हलवली. बोट वर करून, डोळे मिटून ती उभी राहिली, लग्न नवं होतं तेव्हा रेडिओसमोर उभी राहायची तशी.

"वाजतंय," ती म्हणाली. "लांब हाय. पर वाजतंय."

मी तिच्या पाठीमागं जाऊन पितळी घागर जमिनीवर आपटली. ती हललीसुद्धा नाही. टाळ्या वाजवल्या, हाक मारली. काही नाही. आणि तरी ती हसत होती, गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही रडलो. भीती वगैरे काही वाटली नाही. नऊ वर्षांनी माझ्या बायकोला काहीतरी ऐकू येत होतं. ते काय आहे, हे विचारावं असं मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कागदावरची रेघ पूर्वीसारखीच तळाला. कधीकधी मेंदू आठवणीतले आवाज काढतो, असं ते म्हणाले. पटलं. बरंच झालं, म्हणालो, आठवणीतला तर आठवणीतला.

मग तो आमचा रोजचा नेमच झाला. जेवणं उरकली की जया मागच्या खोलीत यायची, भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, पुढ्यात शेंगांचं सूप घ्यायची. मी काम करायचो, ती शेंगा फोडायची आणि मधेच हात थांबवून ऐकायची. पोचा मी एका दिवसात काढू शकलो असतो. पाच दिवस लावले. फाटलेली शिवण डागली, चिंच आणि राखेनं पितळ उजळलं. घाई करावीशी वाटेना. ढोल गेला की हिचा आवाज जाईल, हे मला माहीत होतं.

ऐकून झालं की ती मला सांगायची. पहिल्यांदा म्हणाली, शहापूरच्याही पलीकडून येतंय. दोन दिवसांनी म्हणाली, मंगाईच्या देवळापर्यंत आलं. मला गंमत वाटली. मग एक दिवस म्हणाली, बाजार गल्लीच्या तोंडाला आहे आणि एकटा ढोल नाही, मागं माणसं चालताहेत. बरीच माणसं आहेत. पायांचा आवाज येतो, पण कुणी बोलत नाही.

त्या दिवशी मी तिला विचारलं, ताल कसा आहे, माझ्या हातावर वाजवून दाखव. तिनं माझा पंजा मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी वाजवून दाखवला. एक ठोका. मग जागा. मग दोन ठोके, जवळजवळ. मग मोठी जागा, इतकी मोठी की वाटावं, संपलं. मग पुन्हा एक.

तो ताल मला माहीत होता. आमच्याकडं पिकलं पान गळलं की बँड लावून नेतात. तेव्हा पुढचा ढोलवाला हा ताल धरतो. खांदेकऱ्यांचं पाऊल त्यावर पडतं.

तिनं माझा चेहरा वाचू नये म्हणून ढोलावर वाकलो.

त्याच दिवशी बकऱ्याची दोन कातडी पाण्यात भिजत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कड्यांवर गुंडाळून दोऱ्या ओवल्या. ढोल बंद झाला की हे थांबेल, असं मी मनाशी धरलं होतं. ओलं कातडं सावलीत सावकाश वाळावं लागतं, त्याला घाई चालत नाही. दोन दिवस लागले. कातडं वाळून ताठ झालं, बोटानं टिचकी मारली तर खणखणीत बोललं. मी जयाकडं बघितलं. तिला ती टिचकी ऐकू आली नव्हती. तिची मान गल्लीकडं वळली होती.

"पिठाच्या गिरणीपाशी आलेत," ती म्हणाली. गिरणी आमच्यापासून चार घरं सोडून आहे.

मग मात्र मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली गाडी धरून कोगनोळीला गेलो. जयाला सांगितलं, कातड्याचं काहीतरी विचारायचं आहे.

बायाक्का उन्हात बसून मिरच्या निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या मिरच्या निवडायच्या थांबल्या.

"तुमच्याकडं निघाले व्हय," शेवटी त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पण लागलं होतं त्यांना. "मला वाटलं हुतं, ढोल दुरुस्त झाला की माझ्याकडं येतील."

मग त्यांनी सुबरावांचं सांगितलं. लग्नात तर सगळेच वाजवतात, पण कुणाच्या घरी कुणी गेलं की लोक सुबरावांनाच बोलवायचे. कारण हा माणूस घाई करायचा नाही. ढोल वाजवत दारापर्यंत यायचा, काठ्या वर धरून थांबायचा आणि घरच्यांकडं बघायचा. घरच्यांनी 'चला' म्हटलं की मगच पुढची काठी पडायची. कुणी म्हणालं, माणसं यायची आहेत, लेक वाटेत आहे, तर सुबराव कट्ट्यावर बसायचे. सगळ्या मंडळींना बसवायचे. एकदा हुपरीहून यायच्या लेकीसाठी दुपारपासून दिवे लागेपर्यंत बसून राहिले होते. बँडचा मालक चिडला तरी उठले नाहीत.

आणि ते स्वतः गेले ते, साथीत सीमा बंद होती त्या साली. दोन्ही लेकी सीमेपलीकडं कागलला दिलेल्या, हाकेच्या अंतरावर. त्यांना येता आलं नाही. बँड नाही, खांदेकरीसुद्धा मोजकेच. कुणी 'थांबा' म्हणालं नाही, कुणी 'चला' म्हणालं नाही. तसेच नेले.

"आता काय करू, आक्का?" मी विचारलं.

"त्यांना सांगा. घरच्या माणसाचा शबुद त्यांनी कधी मोडला न्हाय." मग त्या म्हणाल्या, "ते दारात यायच्या आत पोचा, म्हंजे झालं."

निपाणीला गाडी लगेच मिळाली. तरी संकेश्वरपासून पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि मी खिडकीच्या गजाला धरून बसलो होतो. बेळगावला उतरून रिक्षा केली. गल्लीत शिरलो तेव्हा सव्वातीन झाले होते.

जया दारात उभी होती. केस विंचरले होते. अंगावर तिनं स्वतः विणलेली, लेकीच्या बारशाला नेसलेली जांभळी साडी होती, जिची ती एरवी घडीसुद्धा मोडत नाही. कपाळाला मोठं कुंकू.

"बरं झालं आलासा," ती म्हणाली. "दारात थांबलेत."

गल्ली रिकामी होती. ऊन पांढरं झालं होतं. समोरच्या घरातला माग चालू होता, त्याचा खडखडाट मला ऐकू येत होता, तिला येत नव्हता. आमच्या दारापुढं दगडी कट्टा आहे, त्याच्या अलीकडची धूळ एकदम सपाट होती. तिथं मला काही दिसलं नाही. पण झेंडूचा वास आला. उन्हात कोमेजलेल्या झेंडूचा.

"भ्यालासा का तुमी?" जयानं विचारलं. "चांगली माणसं हायत ती. कुणी गडबड करत न्हाय. ढोलवाला नुसता बघतोय माझ्याकडं."

ती उंबऱ्यावरून एक पाय उचलायला लागली. मी तिचा दंड धरला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इतक्या जोरानं मी तिला कधी धरलं नव्हतं. मग त्या मोकळ्या धुळीकडं तोंड करून हात जोडले.

"सुबराव आप्पा... मी परशराम. तुमचा ढोल माझ्याकडं हाय. आमची माणसं यायची हायत अजून. लेक यायची हाय पुण्यास्नं. ती येईपर्यंत... थांबा."

समोरचा माग तेवढ्यात बंद पडला. वीज गेली होती बहुतेक. सगळी गल्ली गप झाली. जया कितीतरी वेळ समोर बघत राहिली, मग तिच्या खांद्यातला ताण गेला.

"बसले," ती म्हणाली. "सगळे बसले कट्ट्यावर." आणि पुढच्याच क्षणी कानावर हात ठेवून माझ्याकडं वळली. "अवो, गेलं. आवाज गेला."

त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्यावर रागावली नाही, पण भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नऊ वर्षांनी कानात काही आलं होतं आणि ते मी घालवलं होतं. मी तिला बायाक्कांचं सगळं सांगितलं. ते तिनं वाचलं, आणि म्हणाली, मला ठाऊक होतं ते कोण आहेत. मग का निघाली होतीस, हे मी विचारलं नाही.

ढोल परत द्यायला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत रोज दुपारी मी तो तिच्या पुढ्यात ठेवायचो, तिचे दोन्ही तळवे खालच्या कातड्याला लावायचो आणि वरून वाजवायचो. लेझमीचा ताल, पालखीचा, आमच्या वरातीतला. हाताच्या तळव्यातून ते तिला कळायचं. हळूहळू ती मान डोलवायला लागली. एकदा म्हणाली, चुकलात तुम्ही, दुसरा ठोका उशिरा पडला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

वैशाखात कोगनोळीला लग्नाला गेलो. ढोल सुरेख बोलला. वाजवणारा नवा होता, पण हात चांगला होता. बायाक्का आमच्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी जयाचा हात हातात घेतला होता आणि मला विचारलं, आमच्या मालकांनी ऐकलं का तुमचं. म्हणालो, ऐकलं, बसलेत.

"बसू देत. ते लई बसत्यात." म्हातारी वरातीकडं बघत म्हणाली. "माणसं आली की मग उठायचं, एवढंच. मग कुणाचं ऐकत न्हाईत."

मी काय बोलून बसलो होतो, ते मला तिथं, त्या गडबडीत कळलं.

आरोही पुण्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. एकुलती एक. दर ज्येष्ठात चार दिवस येते, आईच्या हातचं खाते, माझ्या ढोलांवर धूळ आहे म्हणून ओरडते. या वर्षी मी तिला सांगितलं, घराचं छत काढलंय, येऊ नको. गणपतीला आम्हीच पुण्याला गेलो. आठ दिवस राहिलो, जया तिथं इतकी खुश होती की मी परतीची तिकिटं दोनदा पुढं ढकलली. शेवटी तीच म्हणाली, घरी चला, किती दिवस घर बंद ठेवायचं. घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दारापुढचा कट्टा झाडून त्यावर पाणी शिंपडलं.

दिवाळीलाही मी आरोहीला नको म्हणालो. कारण काय दिलं ते मलाही धड आठवत नाही.

"बाबा, मी घरात नको झालेय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

म्हणालो, तसं नाही गं बाळा. तिनं फोन ठेवला.

परवा, दुपारी तीनच्या सुमाराला, मी मागच्या खोलीत एका ताशाला दोरी ओवत होतो. जया स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. पुढच्या दाराची कडी वाजली आणि कुणीतरी चपला काढल्या. बाहेर येऊन बघतो तर आरोही. खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. तिनं मला बोलायलाच दिलं नाही. सरळ येऊन गळ्यात पडली. म्हणाली, आता हाकलून दाखवा मला. मी तिला घट्ट धरून ठेवलं. तिच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. ऊन होतं, आणि काही नव्हतं.

जया आत भाकरी थापत होती, आमच्याकडं पाठ करून. तिला लेक आल्याचं अजून कळलं नव्हतं. आरोहीनं माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्याली, आणि तोंड पुसत मला म्हणाली,

"बाबा, बाहेर कट्ट्यावर कोण बसलेत हो एवढे? मला बघून सगळे उठून उभे राहिले."

मी काही बोलायच्या आत आतून जयाचा आवाज आला. तिनं मागं वळून बघितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी उलटत, शांतपणे, दारातल्या पाहुण्याला सांगावं तसं ती म्हणाली,

"बसा म्हणावं त्यांस्नी अजून घटकाभर. पोरगी आत्ता आलीया, जेवायची हाय."